आरोपीच्या मनाची तपासणी अटकेच्या वेळीच व्हावी

माननीय संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

घरातल्याच माणसाने घरातल्या माणसाचा जीव घेतल्याची बातमी आली की तिच्या शेवटच्या ओळींत 'आरोपी मनोरुग्ण असल्याचे समजते' असे वाक्य बहुधा असते, आणि त्यावर लोकांची प्रतिक्रियाही ठरलेली असते : आता वेडाचे सोंग घेऊन हा सुटणार. शासकीय सेवेत मनोविकारतज्ज्ञ म्हणून मी चोवीस वर्षे काम केले. त्यातली बरीच वर्षे जिल्हा रुग्णालयांत गेली, आणि पोलिसांनी किंवा न्यायालयाने तपासणीसाठी पाठवलेले आरोपी हा त्या कामाचा नित्याचा भाग होता. सोंग घेऊन सुटलेला एकही आरोपी मला आठवत नाही. खरोखर आजारी असूनही ज्यांचा आजार वेळेत कागदावर आलाच नाही, असे मात्र कितीतरी आठवतात. त्याचे मुख्य कारण मला एकच दिसते : तपासणी फार उशिरा होते.

या बाबतीत कायद्याचा प्रश्न नेमका आहे. १८४३ साली इंग्लंडचे पंतप्रधान रॉबर्ट पील यांचे सचिव एडवर्ड ड्रमंड यांच्यावर डॅनियल मॅकनॉटन याने गोळी झाडली व त्यात त्यांचा मृत्यू झाला. ज्यूरीने आरोपीला मनोविकल ठरवून निर्दोष सोडले, त्यावर मोठा गदारोळ झाला, आणि लॉर्ड्सच्या सभागृहाने न्यायाधीशांकडून या विषयावर जी उत्तरे मागवली तीच पुढे मॅकनॉटन नियम म्हणून ओळखली गेली. भारतीय दंड संहितेचे ८४ वे कलम त्याच नियमांवर बेतलेले होते, आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत ते कलम २२ म्हणून जवळपास त्याच शब्दांत आले आहे. कृत्य करतेवेळी मनोविकलतेमुळे त्या कृत्याचे स्वरूप, किंवा ते चुकीचे अथवा कायद्याविरुद्ध आहे हे, समजण्यास जो असमर्थ होता त्याचे कृत्य अपराध ठरत नाही, एवढेच ते कलम सांगते. आजार असणे पुरेसे नाही. स्किझोफ्रेनियाचा, म्हणजे भ्रम व भास होणाऱ्या गंभीर मनोविकाराचा, रुग्णही पूर्ण समजून-उमजून चोरी करू शकतो. वैद्यकीय अर्थाने आजारी असणे आणि कायद्याच्या अर्थाने मनोविकल असणे यांतला हा फरक सर्वोच्च न्यायालयाने अनेक निकालांत स्पष्ट केला आहे. कलमातील सर्वांत वजनदार शब्द आहे तो 'करतेवेळी'.

त्याखेरीज आणखी दोन प्रश्न असतात आणि तिन्हींची सतत गल्लत होते. आरोपी आज स्वतःचा बचाव करण्याइतपत, म्हणजे आरोप काय आहे, समोर कोण बसले आहे, आपल्या वकिलाला काय सांगायचे आहे हे कळण्याइतपत सावध आहे काय, हा दुसरा प्रश्न. तो भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या, म्हणजे फौजदारी प्रक्रियेच्या नव्या कायद्याच्या, ३६७ व ३६८ या कलमांखाली येतो. दोषी ठरल्यावर शिक्षा किती द्यावी यासाठी त्याच्या मनःस्थितीचा विचार करणे, हा तिसरा. पोलिसांकडून येणाऱ्या पत्रात मात्र बहुतेक वेळा 'सदर आरोपीची मानसिक तपासणी करून अहवाल द्यावा' एवढीच एक ओळ असते. तीनपैकी कोणत्या प्रश्नाचे उत्तर हवे आहे हे पत्र पाठवणाऱ्यालाही ठाऊक नसते आणि विचारण्याची पद्धतही नाही. मग ओपीडीच्या गर्दीत, हातकडी घातलेल्या माणसाशी, दोन शिपाई शेजारी उभे असताना पंधरा-वीस मिनिटे बोलून डॉक्टर लिहितो : 'शुद्धीवर आहे, भान ठीक आहे, सध्या मानसिक आजाराची लक्षणे आढळत नाहीत.' असे अहवाल मीही लिहिले आहेत. त्यातले प्रत्येक वाक्य त्या क्षणापुरते खरे होते, आणि ज्या प्रश्नासाठी माणूस पाठवला होता त्याचे उत्तर त्यातल्या एकाही वाक्यात नव्हते.

एका तरुणाची आठवण माझ्या मनातून जात नाही. ओळख पटू नये म्हणून तपशील गाळून लिहितो. शेतकरी कुटुंबातल्या या मुलाने आपल्या चुलत्याला मारले होते, आणि लोक जमेपर्यंत तो तिथेच बसून राहिला होता. चुलता आपल्या जेवणात विष कालवतो अशी त्याची काही महिन्यांपासून खात्री झाली होती आणि तो स्वतःच्या हाताने चूल पेटवून वेगळे शिजवून खात असे, हे घरच्यांनी मला नंतर सांगितले. तो माझ्यासमोर आला तेव्हा घटनेला चौदा महिने झाले होते. तुरुंगात गेल्यावर काही आठवड्यांनी तिथल्या डॉक्टरने त्याला औषधे सुरू केली होती आणि ती त्याला चांगली लागू पडली होती. समोर बसलेला मुलगा शांत होता, नीट उत्तरे देत होता, झाल्या गोष्टीबद्दल रडत होता. त्याच्या बहिणीने प्लॅस्टिकच्या पिशवीतून कागद काढून टेबलावर ठेवले : घटनेच्या दोन वर्षे आधीची एका खासगी डॉक्टरची चिठ्ठी, जिच्यावरची तारीख पाण्याने पुसली गेली होती, आणि एका देवऋष्याकडून आणलेल्या अंगाऱ्याच्या पुड्या. घटनेच्या दिवशी त्याची मनःस्थिती काय होती हे मला विचारले होते. 'घटनेवेळच्या मनःस्थितीबाबत निश्चित मत देता येत नाही,' असे मी लिहिले. प्रामाणिकपणे त्यापेक्षा अधिक काही लिहिणे मला शक्य नव्हते. त्याला जन्मठेप झाली.

त्याला अटकेनंतरच्या पहिल्या दोन-तीन दिवसांत कोणी पाहिले असते तर काय दिसले असते, हे मी अनुभवावरून सांगू शकतो. कोठडीत दिलेले जेवण तो नाकारत असणार. रात्र रात्र जागा असणार. चुलत्याने विष घातले म्हणून मारले, असे तो कोणालाही, विचारले नाही तरी, सांगत असणार. या गोष्टी पाहणारा पोलीस शिपाई होता, पण त्या लिहून ठेवणे हे कोणाचेच काम नव्हते. आजार औषधाने निवळतो ही आनंदाची गोष्ट आहे. तुरुंगात उपचार मिळालेच पाहिजेत याबद्दलही दुमत नाही. परंतु औषध सुरू करण्याआधीच्या स्थितीची नोंद नसेल तर उपचारच त्या माणसाच्या बचावाचा पुरावा पुसून टाकतो, हे आपल्या व्यवस्थेच्या लक्षात आलेले दिसत नाही.

वेळेवर झालेल्या नोंदींनी किती फरक पडतो याचे उदाहरण महाराष्ट्रातलेच आहे. १९९४ सालच्या एप्रिल महिन्यात पोलीस दलातील एका शिपायाने दिवसाढवळ्या आपल्या पत्नीच्या डोक्यात दगड घालून तिला ठार केले. सत्र न्यायालयाने आणि उच्च न्यायालयाने त्याला दोषी ठरवले, परंतु २००२ साली सर्वोच्च न्यायालयाने ८४ व्या कलमाचा लाभ देऊन त्याची शिक्षा रद्द केली. त्या निकालात न्यायालयाने जी परिस्थिती विचारात घेतली ती पाहण्यासारखी आहे : वडिलांनाही मानसिक आजार होता, आरोपीवर घटनेपूर्वीपासून उपचार सुरू होते, त्याला संशयग्रस्त प्रकारचा स्किझोफ्रेनिया होता, हेतू अत्यंत दुबळा होता, त्याने लपण्याचा किंवा पळण्याचा प्रयत्न केला नाही, आणि घटनेनंतर अल्पावधीतच त्याला उपचारासाठी पुन्हा पुन्हा रुग्णालयात न्यावे लागले होते. यातल्या वैद्यकीय गोष्टी न्यायालयापुढे येऊ शकल्या, कारण त्यांचे कागद होते. तो नोकरदार होता. अंगाऱ्याच्या पुड्या घेऊन येणाऱ्या कुटुंबाजवळ असे कागद कुठून असणार?

इथेच पुराव्याच्या भाराचा प्रश्न येतो. आपण मनोविकल होतो हे दाखवण्याची जबाबदारी पुराव्याच्या कायद्याने आरोपीवर टाकली आहे. पूर्वी ते १०५ वे कलम होते, आता भारतीय साक्ष्य अधिनियमाचे १०८ वे आहे. ही जबाबदारी निःसंशय सिद्धतेची नाही, शक्यतेचे पारडे आपल्या बाजूला झुकेल इतकी ती पुरी करावी लागते, असे सर्वोच्च न्यायालयाने १९६४ सालीच गुजरातमधील एका खटल्यात सांगितले. तरीही ज्याचे मन आजारी होते त्यानेच, तुरुंगात बसून, गरिबीत, त्या दिवशी आपले मन आजारी होते याचे पुरावे जमवावेत, अशी ही अपेक्षा आहे. तिचा अन्याय कमी करणारे तत्त्वही न्यायालयानेच घालून दिलेले आहे. आरोपीला पूर्वीपासून मानसिक आजार असल्याचे तपासात दिसून आले तर त्याची वैद्यकीय तपासणी करून तो पुरावा न्यायालयापुढे ठेवणे हे तपास अधिकाऱ्याचे कर्तव्य आहे, आणि ते पाळले नाही तर सरकार पक्षाच्या खटल्यात गंभीर उणीव राहून संशयाचा फायदा आरोपीला द्यावा लागतो, असे २००७ साली राजस्थानातील एका खटल्यात आणि त्यानंतर महाराष्ट्रातील एका खटल्यातही सर्वोच्च न्यायालयाने म्हटले आहे. हे कर्तव्य तपास अधिकाऱ्यांना प्रशिक्षणात किती ठसवून सांगितले जाते याची मला शंका आहे. मी ज्यांच्याशी बोललो त्यांपैकी बहुतेकांना 'तो वेडा आहे की नाही ते कोर्ट बघेल' असे प्रामाणिकपणे वाटत होते.

फाशीची शिक्षा होऊ शकेल अशा खटल्यांबाबत तर मे २०२२ मध्ये मध्य प्रदेशातील एका खटल्याच्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने आणखी पुढचे पाऊल टाकले. आरोपीच्या मानसोपचारविषयक व मानसशास्त्रीय मूल्यमापनाची माहिती राज्याने शक्यतो आधीच गोळा करून सत्र न्यायालयापुढे ठेवावी, कारण ती जितकी घटनेच्या जवळच्या काळातली तितकी त्या वेळच्या मनःस्थितीवर प्रकाश टाकणारी, असा त्यामागचा विचार आहे. हाच विचार केवळ फाशीपुरता न ठेवता प्रत्येक गंभीर गुन्ह्याच्या तपासाला लावावा, एवढेच माझे म्हणणे आहे. महाराष्ट्रातल्याच एका फाशीच्या कैद्याच्या प्रकरणात, ज्याचे नाव गोपनीयतेसाठी निकालपत्रात वगळण्यात आले, २०१९ साली शिक्षेनंतर जडलेला गंभीर मानसिक आजारही विचारात घेऊन फाशी रद्द झाली. पण तो शिक्षेचा प्रश्न होता, आणि तिथवर पोहोचेपर्यंत माणसाच्या आयुष्याची दोन दशके गेलेली होती.

आता सोंगाबद्दल, कारण सामान्य वाचकाची खरी भीती ती आहे आणि ती टाकाऊ नाही. सोंग घेणारे असतात. मीही पाहिले आहेत. पण पंधरा मिनिटांच्या मुलाखतीत सोंग चालून जाते आणि दहा दिवसांच्या निरीक्षणात ते टिकत नाही. सोंग घेणारा आपला आजार दाखवायला उत्सुक असतो, विचारलेल्या प्रत्येक लक्षणाला हो म्हणतो, 'दोन आणि दोन किती' याचे उत्तर पाच देतो, डॉक्टर गेल्यावर शेजारच्या रुग्णाशी व्यवस्थित गप्पा मारतो आणि रात्री गाढ झोपतो. खरा रुग्ण बहुधा लक्षणे लपवतो, कारण त्याला तो आजार वाटतच नसतो. आपल्याला ऐकू येणारे आवाज खरे आहेत अशी त्याची खात्री असते आणि ते उघड केल्यास आपल्याला वेडा ठरवतील असे भयही असते. हा फरक वॉर्डातल्या परिचारिका आणि परिचर डॉक्टरपेक्षा लवकर ओळखतात. म्हणून चांगल्या मूल्यमापनात दाखल करून निरीक्षण, वेगवेगळ्या वेळी मुलाखती, नातेवाइकांशी व शेजाऱ्यांशी स्वतंत्र बोलणे, जुने कागद, तपासातील जबाब, परिचारिकांच्या रोजच्या नोंदी आणि आवश्यक तिथे मानसशास्त्रीय चाचण्या हे सारे यावे लागते. बंगळुरूच्या निम्हान्स या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेने अशा मूल्यमापनासाठी सविस्तर नमुना तयार केलेला आहे. आपल्याकडे येरवडा, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरी येथे प्रादेशिक मनोरुग्णालये आहेत, गोव्यात बांबोळीची मनोविकार संस्था आहे. तिथे हे होऊ शकते, पण जिल्ह्याच्या ठिकाणाहून आरोपीला तिथवर नेण्यासाठी पोलीस गार्ड मिळत नाही म्हणून तारखांवर तारखा पडतात, आणि पुन्हा महिने जातात.

जाता जाता सांगायला हवे की या तपासणीचा नार्को किंवा ब्रेन मॅपिंगशी काहीही संबंध नाही. बातम्यांमध्ये दोन्हींना 'मानसिक चाचणी' म्हटले जाते. आरोपीच्या संमतीविना नार्को, ब्रेन मॅपिंग व पॉलिग्राफ करता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली स्पष्ट केले आहे. त्या चाचण्या माहिती काढून घेण्यासाठी असतात. मनोविकारतज्ज्ञाचे काम आरोपीकडून कबुली काढण्याचे नाही आणि तसे ते कधी होऊही नये.

लवकर तपासणी करण्याचे आणखी एक कारण निव्वळ वैद्यकीय आहे, आणि ते मला फार महत्त्वाचे वाटते. रोज भरपूर दारू पिणाऱ्या माणसाला अटक होते, कोठडीत दारू अचानक बंद होते, आणि दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या सुमारास तो थरथरू लागतो, घामाने भिजतो, भिंतीवर किडे दिसतात असे सांगतो, कुठे आहोत हे त्याला कळत नाही. कोठडीतल्या पोलिसांना हे हमखास नाटक वाटते. ही वैद्यकीय आणीबाणी आहे आणि उपचार न मिळाल्यास तीत माणूस दगावू शकतो. हे कायद्याच्या अर्थाने बचावाचे कारण नव्हे. स्वेच्छेने केलेली नशा बचाव ठरत नाही हेही कायद्याने स्पष्ट केले आहे. पण त्याला रुग्णालयात नेणे भाग आहे, आणि त्या दिवसांत त्याच्याकडून घेतलेल्या जबाबाला काय अर्थ आहे हे न्यायदंडाधिकाऱ्यांना कळणेही भाग आहे.

लोकांच्या मनातला दुसरा गैरसमज म्हणजे मनोविकल ठरला की आरोपी मोकळा सुटतो. मॅकनॉटन निर्दोष सुटला, पण त्याचे उरलेले आयुष्य मनोरुग्णालयातच गेले. आपल्या कायद्यातही अशा निकालात आरोपीने ते कृत्य केले होते किंवा नाही हे न्यायालयाला स्पष्ट नमूद करावे लागते, आणि त्यानंतर त्याला सुरक्षित अभिरक्षेत ठेवण्याचा, किंवा नातेवाइकांनी हमी दिल्यास त्यांच्या ताब्यात देण्याचा आदेश द्यावा लागतो. भीती बाळगायचीच तर ती उलट दिशेची बाळगावी. आसाममधील एका ग्रामस्थाला १९५१ साली अटक झाली, त्याला तेजपूरच्या मनोरुग्णालयात ठेवले गेले, १९६७ साली तो खटल्याला उभा राहण्यास योग्य असल्याचे डॉक्टरांनी कळवले, आणि तरीही तो २००५ सालापर्यंत कैदेतच राहिला. चोपन्न वर्षे. तेव्हा बिहारमध्ये असलेल्या हजारीबागच्या तुरुंगात कित्येक वर्षे अडकून पडलेल्या अशाच माणसांचा प्रश्न १९८२ साली सर्वोच्च न्यायालयापुढे आला होता. 'खटल्यास योग्य नाही' असा शेरा मारला की फाइल बंद होते आणि माणूस आत राहतो. म्हणून त्या शेऱ्यासोबत पुढची तपासणी कधी, याची तारीख न्यायालयाने घातलीच पाहिजे.

शासनाकडे मागणी करायची ती खर्चिक नाही. अटक झालेल्या प्रत्येकाची वैद्यकीय तपासणी लगेच करण्याची तरतूद नागरिक सुरक्षा संहितेच्या ५३ व्या कलमात आहेच, आणि कोठडीतील व्यक्तीची दर अठ्ठेचाळीस तासांनी डॉक्टरकडून तपासणी व्हावी असे सर्वोच्च न्यायालयाने डी. के. बसू खटल्यात फार पूर्वी सांगितले आहे. पण या तपासणीत पाहिले जाते ते अंगावरच्या जखमा व मारहाणीच्या खुणा. त्याच फॉर्ममध्ये मनःस्थितीसाठी एक पान जोडावे. झोप, जेवण, बोलण्यातील सुसंगती, भ्रम किंवा भास, दिवस-वार-ठिकाणाचे भान, दारू व इतर व्यसन, फिट्सचा आजार, डोक्याला पूर्वी झालेली इजा, पूर्वीचे उपचार, सोबतच्या नातेवाइकाचे म्हणणे, आणि आरोपी आपणहून जे बोलला ते त्याच्याच शब्दांत. मात्र तो गुन्ह्याबद्दल जे बोलेल ते कबुलीजबाब म्हणून त्याच्याविरुद्ध वापरले जाणार नाही, हेही त्या पानावर छापावे. नाहीतर डॉक्टरच्या खोलीचे रूपांतर चौकशीच्या खोलीत होईल. हे पान भरायला मनोविकारतज्ज्ञ लागत नाही, थोड्या प्रशिक्षणाने ग्रामीण रुग्णालयातला वैद्यकीय अधिकारीही ते भरू शकतो. शंका आली तर आठवड्याच्या आत तज्ज्ञाकडे पाठवावे, आणि औषध सुरू करण्याआधीची नोंद पूर्ण करावी. गृह आणि आरोग्य या दोन विभागांनी एकत्र बसून काढलेल्या परिपत्रकानेही याची सुरुवात होऊ शकते. खून, खुनाचा प्रयत्न व जाळपोळ यांपासून ती करावी.

कोणी विचारेल की ज्याचा जीव गेला त्याच्या कुटुंबाचे काय. त्या कुटुंबांशी मी बोललो आहे, आणि घरातल्याच माणसाच्या हातून घडलेल्या घटनेत ते कुटुंब बहुतेक वेळा आरोपीचेही असते. माझ्यासमोर पिशवी उघडणारी बहीण मारल्या गेलेल्या चुलत्याची पुतणी होती. तिला शिक्षा नको होती असे नाही. आपल्या भावाला काय झाले होते हे कोणीतरी वेळेवर पाहून लिहून ठेवायला हवे होते, एवढे तिचे म्हणणे होते.

शेवटी आपल्या दैनिकाकडे एक विनंती. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ च्या २४ व्या कलमानुसार मनोरुग्णालयात उपचार घेत असलेल्या व्यक्तीचे छायाचित्र किंवा माहिती तिच्या संमतीशिवाय माध्यमांना देता येत नाही, तेव्हा 'समजते' म्हणून कोणाचा आजार छापणे टाळावे. त्याऐवजी आपल्या वार्ताहरांनी पोलीस ठाण्यात आणि सिव्हिल रुग्णालयात विचारावे : या आरोपीच्या मनःस्थितीची तपासणी अटकेनंतर किती तासांनी झाली, ती कोणी केली, औषध सुरू होण्याआधी झाली की नंतर, आणि तिची लेखी नोंद तपासाच्या कागदपत्रांत आहे काय?

आपला विश्वासू,
एक निवृत्त शासकीय मनोविकारतज्ज्ञ
(नाव व पत्ता संपादकांकडे)